छपराच्या कोर्समध्ये माझे २७,५०० रुपये कसे गेले

फीचे १८,५०० आणि नंतर डिपॉझिटचे ९,०००. दोन्ही मीच भरले, माझ्याच बोटाने, यूपीआयवरून. कुणी ओटीपी काढून घेतला नाही की खातं हॅक केलं नाही. त्यामुळे बरेच दिवस घरी बोलायचीच लाज वाटत होती. आता लिहितेय, कारण आमच्याच तालुक्यातल्या दोन मुलींनी गेल्या महिन्यात मला त्याच कोर्सबद्दल विचारलं.

मी दापोलीकडची. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर एका ठेकेदाराकडे साईटवर मोजमापं घेते, बिलं लिहिते. बाबा सुतार. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत कौलं पत्त्यांसारखी उडाली. त्यानंतर गावातल्या बऱ्याच जणांनी कौलं सोडून पत्रे घातले आणि गंमत म्हणजे मुंबईहून येऊन घर बांधणाऱ्यांना मात्र कौलारूच हवं असतं. तेही आधी कॉम्प्युटरवर दाखवा म्हणतात. ठेकेदार म्हणाले, "तू थ्रीडी शीक, मी पगार वाढवतो." त्याच आठवड्यात इन्स्टाग्रामवर जाहिरात आली: घरबसल्या रेव्हिट (घराचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) शिका, छपरांचं स्पेशल मॉड्यूल, लाइफटाइम लायसन्स, सर्टिफिकेट आणि नंतर घरूनच काम. जाहिरात मराठीत होती. फोनवर बोलणारे सरही मराठी, तोंडात साखर. "ताई, कोकणातली मुलं हुशार असतात, फक्त संधी मिळत नाही." मी लगेच पाघळले.

पैसे भरल्यावर एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. दीडशेच्या आसपास नंबर होते, पण मेसेज फक्त ॲडमिनच टाकू शकत होते. मला वाटलं, शिस्तीसाठी असेल. ती शिस्त आम्ही एकमेकांशी बोलू नये म्हणून होती, हे फार उशिरा कळलं.

लाइव्ह क्लास म्हणून सांगितलं होतं, आले रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. आवाज सरांचा, पण पडद्याचा एक कोपरा सतत धूसर केलेला, आणि खाली घड्याळाशेजारी तारीख २०१६ ची. तेव्हा ती तारीख मी पाहिली नव्हती असं नाही. पाहिली होती, आणि सोडून दिली होती.

आता छपराची गोष्ट, कारण मला जागं केलं ते छपरानेच. रेव्हिटमध्ये साधं छप्पर 'रूफ बाय फूटप्रिंट'ने करतात. भिंतींच्या कडेने रेघ फिरवायची, वळचण किती बाहेर काढायची ते सांगायचं, आणि प्रत्येक बाजूला उतार हवा की नको ते ठरवायचं. त्यासाठी 'डिफाइन्स स्लोप' अशी खूण असते. चारही बाजूंना खूण ठेवली तर चौपाखी छप्पर. समोरासमोरच्या दोन बाजूंची काढली तर दुपाखी, आणि त्या दोन बाजूंना छपराखाली त्रिकोणी भोकं उरतात, कारण भिंत आपोआप वर चढत नाही. तिला 'अटॅच टॉप' करून छपराला भिडवावं लागतं. नवशिक्याचं पहिलं अर्धं आयुष्य त्या त्रिकोणी भोकाकडे बघण्यात जातं.

मी आमच्याच घरावर सराव करत होते. अठरा फूट रुंद, मंगलोरी कौलं. बाबांना उतार विचारला, तर म्हणाले, नऊ फुटाला सव्वापाच फूट चढ. हिशोब केला, ३० अंश येतात. मी उताराच्या रकान्यात ३० लिहिलं आणि एंटर मारलं. घराचं गोपूर झालं. छप्पर असं सुळसुळीत उभं, की त्यावर कौल काय, कावळाही बसला नसता.

सरांना स्क्रीनशॉट पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, "नेट स्लो असेल, रीस्टार्ट करा." केलं. गोपूर तसंच. पुन्हा विचारलं. "ग्राफिक कार्ड अपडेट करा." मग म्हणाले, "तुम्ही आमच्याच तयार फाइलवर काम करा, नवीन फाइल घेऊ नका."

खरं कारण पाच मिनिटांचं होतं. व्हिडिओत बघून मी घेतलेली फाइल अमेरिकन पद्धतीची, फूट-इंचाची. त्यात उतार अंशात नसतो, बारा इंच आडवं गेल्यावर किती इंच चढायचं, असा असतो. माझ्या ३० चा अर्थ झाला बारा इंचाला तीस इंच, म्हणजे जवळजवळ ६८ अंश. मला लिहायला हवं होतं ७. नाहीतर 'प्रोजेक्ट युनिट्स' या सेटिंगमध्ये जाऊन उतार अंशात बदलून घ्यायचा. रोज रेव्हिट चालवणाऱ्या माणसाला चित्र बघताक्षणी हे कळलं असतं. सरांना कळलं नाही, कारण सरांना रेव्हिट येतच नव्हतं. दुसऱ्या कुणाचे तरी जुने व्हिडिओ घेऊन त्यांनी वर मराठीत वाचन केलं होतं. मूळ व्हिडिओ मला नंतर यूट्यूबवर सापडला. फुकट.

तरी मी थांबले नाही. अठरा हजार गेलेले असले की माणूस स्वतःलाच समजावतो.

कोर्सच्या शेवटी त्यांची तयार फाइल आली, काटकोनात वळलेलं घर, मुख्य घर आणि बाजूला स्वयंपाकघर. आपण फक्त रंग द्यायचा, दारं-खिडक्या बदलायच्या आणि चित्र काढून पाठवायचं. मी मन लावून केलं. जांभ्याच्या भिंती, निळं दार, अंगणात तुळशीवृंदावन, बाजूला दोन पोफळी. बाबांना दाखवलं. ते चष्मा सारून बराच वेळ बघत राहिले, मग दोन पाखी जिथं आत मिळतात तिथं बोट ठेवलं.

"गो बाय, हा कोपरा खोट्यात आहे."

"काय झालं त्याला?"

"दोन्हीकडचा उतार सारखा असता, तर पाण्याची रेघ कोपऱ्यातून बरोबर अर्ध्यात गेली असती. ही सरकलेय. स्वयंपाकघराचं पाखं चपटं केलंय कुणीतरी. एवढ्या उतारावर आपल्या पावसात कौल पाणी आत घेणार, आणि ते सगळं चुलीवर."

मी म्हटलं, "बाबा, ते सॉफ्टवेअर आहे, ते चुकत नाही." आजही आठवलं की कान गरम होतात. बाबा काही बोलले नाहीत, काटकोन तपासायचा गुण्या उचलून कामाला गेले. मी नंतर फाइल उघडून पाहिली. मुख्य घराला ३० अंश, स्वयंपाकघराला १५.

लाइफटाइम लायसन्स एकतिसाव्या दिवशी बंद पडलं. ती रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीची, सगळ्यांनाच मिळणारी ३० दिवसांची ट्रायल होती. सरांनी टेलिग्रामची लिंक पाठवली आणि सांगितलं, अँटीव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा. हे मात्र मी केलं नाही, कारण लॅपटॉप ठेकेदारांचा होता. अक्कल म्हणाल तर तेवढीच. आणि विकत घेण्यासारखं यात काही नव्हतंच: विद्यार्थी किंवा शिक्षक असल्याचं सिद्ध केलं तर ऑटोडेस्क रेव्हिट वर्षभर मोफत देते, फक्त शिकण्यापुरतं, धंद्यासाठी नाही. आमच्यासारख्या शिक्षण संपलेल्यांना फ्रीकॅड हे थ्रीडीचं दुसरं सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे, आणि तसंच असलेल्या स्केचअपची ब्राउझरमध्ये चालणारी मोफत आवृत्तीही हात बसवायला पुरते. सर्टिफिकेटवर कंपनीचा लोगो होता, पण कंपनीचं खरं प्रमाणपत्र परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही. मी कसलीच परीक्षा दिली नव्हती.

मग आलं "घरून काम". साठ छपरांचं मॉडेलिंग, एका छपराला ४०० रुपये, पण आधी ९,००० परत मिळणारं डिपॉझिट. चोवीस हजाराच्या आशेने नऊ हजार भरले. काम कसलं, तर तीच फाइल वेगवेगळ्या मापांनी. छपरं फ्रीकॅडमध्ये केली तर चालतील का विचारलं, चालतील म्हणाले. रात्री जागून अकरा छपरं पाठवली. अकराही नापास, "ॲक्युरसी कमी." वर करारभंगाचा दंड आठ हजार, नाहीतर वकिलाची नोटीस. त्या नोटिशीच्या भीतीने मी जेवणसुद्धा टाकलं, तेव्हा आईने विचारलं आणि सगळं बाहेर आलं. नोटीस अर्थातच आली नाही. काम देणारा आधी पैसे मागतो, हे बाबांनी पस्तीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांना गिऱ्हाईक आगाऊ रक्कम देतं, गिऱ्हाईक सुताराकडून घेत नाही. इतकं साधं होतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तो नवव्या दिवशी. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण म्हणाल्या, पैसे भरल्यावर लगेच केला असतात तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता आली असती. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, व्यवहारांचे यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक) आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडले. ग्रुपमधून मला काढायच्या आधी सगळं चॅट मी साठवलं होतं, एवढं बरं. पोलीस ठाण्यातही जाऊन आले. आपण सवयीने चारशेवीस म्हणतो, पण आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत.

तुम्हाला कुठलाही असा कोर्स घ्यायचा असेल तर पैसे देण्याआधी शिकवणाऱ्याला तुमच्या घराची मापं सांगा आणि तुमच्यासमोर, स्क्रीन शेअर करून, त्याचं छप्पर करायला लावा. काटकोनात वळणारं घर असेल तर उत्तम. ज्याला येतं तो दहा मिनिटांत करून दाखवतो. आमच्या सरांना दीड महिन्यात एकदाही वेळ झाला नाही.

आणि हो, त्यांची नवी जाहिरात सुरू आहे, दुसऱ्या नावाने. "आमच्या विद्यार्थ्यांचं काम" म्हणून त्यात एक कौलारू घर दिसतं: जांभ्याच्या भिंती, निळं दार, तुळशीवृंदावन, दोन पोफळी. स्वयंपाकघराचं पाखं चपटं आहे. ते चित्र माझं आहे.