बीट पिढी चित्रांतून वाचायची, तर ‘द बीट्स’ घ्यावं की ‘हाउल’?

बीट पिढी म्हणजे १९५० च्या दशकातली अमेरिकेतली बंडखोर लेखक-कवींची चळवळ. त्यातली गिन्सबर्ग, केरुआक, बरोज ही नावं ओळखीची आहेत, गिन्सबर्गची ‘हाउल’ ही कविता एकदा तरी वाचून झाली आहे आणि आता या चळवळीचा इतिहास चित्रांतून वाचायचाय, अशा वाचकापुढे बहुधा दोन पुस्तकं येतात. एक २००९ चं ‘द बीट्स’: बराचसा मजकूर हार्वी पेकारचा, पूर्वार्धातली बरीच चित्रं एड पिस्कोरची, संपादन पॉल ब्यूल यांचं. दुसरं २०१० चं ‘हाउल’: गिन्सबर्गची अख्खी कविता, एरिक ड्रुकरच्या रंगीत चित्रांसह.

देखणेपणात ‘हाउल’ पुढे आहे, यात वाद नाही. रात्रीचं शहर, पेटलेलं आभाळ, शहरावर बसलेला मोलॉक, म्हणजे कवितेतला माणसं गिळणारा राक्षसी देव. नजर हटत नाही. पण ही चित्रं मुळात सिनेमातल्या ॲनिमेशनसाठी झालेली, आणि तिथेच खटकतं. गिन्सबर्गची लांब ओळ एका दमात म्हणायची असते. ओळींच्या सुरुवातीला येणारा ‘हू’ (who, ‘जे’) हा शब्द म्हणजे खुंटी. आवाज दर वेळी तिच्यावर परततो आणि नव्याने सुटतो. पुस्तकात त्याच ओळीचे तुकडे होऊन चित्राचित्रांत वाटले जातात. मोठ्याने वाचून बघा: पान उलटताना दम तुटतो आणि खुंटी मागच्या पानावर राहते. उपाय आहे. मूळ प्रकाशक सिटी लाइट्सची, नुसत्या कवितेची छोटी प्रत शेजारी ठेवायची, ओळ तिथे पूर्ण वाचायची, मग चित्र बघायचं. पण मग चित्रकथा वाचल्यासारखं उरत नाही.

शिवाय इतिहास हवा असेल तर माणसं हवीत. कविता ज्याला अर्पण केली तो कार्ल सोलोमन गिन्सबर्गला १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात भेटला होता. ‘हाउल’च्या चित्रांतल्या आकृत्यांवरून हे कळायला वाव नाही.

‘द बीट्स’चा दोषही लहान नाही. तिघांची आयुष्यं थोडक्या पानांत बसवायची म्हणून एकेका चौकटीत महिनेच्या महिने सरतात. निवेदन सांगतं ‘तो अमुक शहरी गेला’, खाली चित्रात तो गेलेला. सलग वाचलं तर कंटाळा येतो, हे कबूल.

म्हणून सुरुवात उत्तरार्धापासून करावी. तिथे छोटी प्रकरणं आहेत, चित्रकार बदलत जातात. जॉइस ब्रॅबनर या पुरुषी कंपूतल्या बायकांच्या वाट्याला काय आलं ते सांगते, आणि पूर्वार्धातल्या नायकांकडे बघायची नजरच बदलते. डी. ए. लेव्हीचं प्रकरण तर चुकवूच नये. क्लीव्हलँडमध्ये हाताने छापून, सायक्लोस्टाइल करून कविता वाटणारा हा कवी. अश्लीलतेचे आरोप झाले, आणि १९६८ मध्ये, २६ व्या वर्षी, तो गेला. पेकारही क्लीव्हलँडचाच, त्यामुळे इथलं निवेदन गावातल्या माणसाबद्दल बोलावं तसं येतं. मराठीतली सायक्लोस्टाइल लघुनियतकालिकं ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना हा माणूस लगेच ओळखू येईल.

कवितेवर जीव असेल आणि भिंतीवर लावावीत अशी चित्रं हवी असतील, तर ‘हाउल’ जरूर घ्या. आवडीचा प्रश्न आहे. पण एकाच पुस्तकाचे पैसे असतील, तर मी ‘द बीट्स’ सुचवेन. उत्तरार्ध झाला की मग पूर्वार्धातल्या केरुआककडे या. तोवर ती दाटीवाटीची पानंही सुसह्य होतात.