पॉलीलँग (मोफत आवृत्ती): खरी परीक्षा दोन टिकमार्कांची

वर्डप्रेसवर बहुभाषिक साइट करणाऱ्यांसाठी पॉलीलँग हे प्लगइन मोफत मिळतं. सर्चच्या दृष्टीने जे सगळ्यात महत्त्वाचं, ते त्यात नीट केलेलं आहे: प्रत्येक भाषेतल्या पानाला स्वतःचा पत्ता मिळतो. एकाच पत्त्यावर कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली खूण) बघून मजकूर बदलणाऱ्या पद्धतीचं घोडं इथेच अडतं. गूगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, एका भेटीतली कुकी पुढच्या भेटीत नेत नाही, त्यामुळे त्याला एकच भाषा दिसते आणि बाकीच्या इंडेक्समध्ये येतच नाहीत.

पत्त्यात भाषा कुठे दाखवायची, याचे तीन पर्याय आहेत: फोल्डर, सबडोमेन किंवा प्रत्येक भाषेला वेगळं डोमेन. खास कारण नसेल तर फोल्डर घ्या. डीएनएस (डोमेनची नोंद) आणि एसएसएल (सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र) यांचा वेगळा व्याप लागत नाही आणि सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात प्रत्येक फोल्डर स्वतंत्र प्रॉपर्टी म्हणून जोडता येतो.

आता सेटिंगमधले ते दोन टिकमार्क. पहिला, मुख्य भाषेचा कोड पत्त्यातून लपवायचा. दुसरा, पाहुण्याच्या ब्राउझरची भाषा ओळखून त्याला त्या भाषेच्या मुख्यपृष्ठावर पाठवायचं. एकेकटे दोन्ही निरुपद्रवी, एकत्र आले की गडबड. मुख्य भाषा इंग्रजी धरली, तर कोड लपवला की साइटचा मूळ पत्ता हेच इंग्रजी मुख्यपृष्ठ होतं. मग स्पॅनिश ब्राउझर असलेला माणूस इंग्रजी निकालावर क्लिक करून आला, तरी पहिल्याच भेटीत त्याला स्पॅनिश पानावर ढकललं जातं. कोड दाखवला तर मूळ पत्त्यावर स्वतःचा मजकूर नसतो, तो नुसता दरवाजा असतो. भाषा ओळखायची तर तिथेच. म्हणजे कोड लपवणार असाल तर ओळख बंद ठेवा, आणि ओळख हवीच असेल तर कोड दाखवा.

पॉलीलँगचं हे रीडायरेक्ट, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं, 302 (तात्पुरतं) असतं, सोबत उत्तर भाषेनुसार बदलतं हे सांगणारं व्हॅरी हेडरही जातं. दोन्ही बरोबर, इथे 301 (कायमचं) दिलं असतं तर ब्राउझरने ते लक्षात ठेवून कायमचा घोळ केला असता. अडचण येते ती पेज कॅशमुळे, म्हणजे साठवून ठेवलेल्या पानांमुळे. कॅशने तयार पान दिलं की पीएचपी, म्हणजे वर्डप्रेसचा कोड, चालतच नाही, म्हणून ओळख कधी चालते, कधी नाही. टर्मिनलवर कर्ल या कमांडने ॲक्सेप्ट-लँग्वेज हेडर (ब्राउझर आपली भाषा कळवतो ते) बदलून मूळ पत्ता मागवा. उत्तरात एक्स-रीडायरेक्ट-बाय समोर पॉलीलँगचं नाव दिसलं तर रीडायरेक्ट त्याचंच. नाही तर होस्टिंग किंवा सीडीएन (पानांच्या प्रती वाटणारं सर्व्हरचं जाळं) मधे पडून काहीतरी करतंय.

आयपीवरून देश ओळखून भाषा ठरवण्याच्या फंदात हे प्लगइन पडत नाही, हे उत्तमच. गूगलबॉट बहुतांशी अमेरिकेतल्या आयपीवरून येतो आणि ॲक्सेप्ट-लँग्वेज पाठवत नाही. आयपीवर सक्तीचं रीडायरेक्ट लावलं की त्याला जपानी पान कधी दिसणारच नाही. शिवाय स्वित्झर्लंडच्या आयपीवरून भाषा कोणती, हे कोण सांगणार? त्यापेक्षा वर एक छोटी पट्टी द्या, 'हे पान तुमच्या भाषेत आहे', आणि निवड पाहुण्यावर सोडा. ती सोय मात्र पॉलीलँगमध्ये नाही, स्वतः करावी लागते.

कोणतं पान कोणत्या भाषेचं हे गूगलला सांगणारे एचरेफलँग टॅग आपोआप येतात, तेही भाषांतर प्रत्यक्ष जोडलेलं असेल तरच. त्यामुळे एका पानाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं आणि दुसऱ्याने नाही, ही नेहमीची चूक सहसा होत नाही. देशाचा कोड गरज असेल तरच लागतो. स्पेनची स्पॅनिश एकटीच असेल तर टॅगमध्ये नुसतं 'ईएस' येतं, म्हणजे मेक्सिकोचा वाचकही त्यात आला. नंतर मेक्सिकोची स्पॅनिश वेगळी जोडली की दोन्हींना देश चिकटतो आणि अर्जेंटिनावाल्याला साधं 'ईएस' उरत नाही. एक्स-डिफॉल्टचंही (कोणतीच भाषा जुळली नाही तर कुठे जायचं, हे सांगणारा टॅग) तसंच: तो फक्त मुख्यपृष्ठावर येतो, आणि कोड लपवला असेल तर तिथेही नाही. दोन्हींवर उपाय एकच, पॉलीलँगचं फिल्टर (आपला कोड जोडण्याची सोय) वापरून थोडा कोड लिहायचा. तो लिहिताना ब्रिटनसाठी 'जीबी' घाला. 'यूके' चालत नाही. एसईओ प्लगइनने भाषांतराचा कॅनॉनिकल (पानाचा अधिकृत पत्ता सांगणारा टॅग) मूळ इंग्रजी पानाकडे वळवला असेल तर मात्र हे सगळं फुकट. प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल स्वतःकडेच हवा.

मोफत आवृत्तीत दोन भाषांना एकच स्लग (पत्त्यातलं पानाचं नाव) देता येत नाही. दुसऱ्या पानाला वर्डप्रेस शेपूट लावून 'कॉन्टॅक्ट-2' करतं. स्लग त्या त्या भाषेत लिहिला की प्रश्न मिटतो, पण लिपी सांभाळा. स्लगची मर्यादा 200 चिन्हांची आहे. देवनागरी किंवा जपानीचं एकेक चिन्ह एन्कोड झाल्यावर 9 जागा खातं, म्हणजे 22 चिन्हांत खेळ खलास, आणि काना-मात्राही त्यात मोजायच्या. लांब शीर्षक मधेच तुटतं, म्हणून प्रकाशित करण्याआधी स्लग हाताने आखूड करा.

साइटचं नाव आणि टॅगलाइन 'ट्रान्सलेशन्स'मध्ये भाषांतरित करायला बरेच जण विसरतात. मग स्पॅनिश मुख्यपृष्ठाचं शीर्षक सर्चमध्ये अर्धं इंग्रजी दिसतं. मेनूही भाषागणिक वेगळा बनवावा लागतो. भाषा बदलण्याच्या बटणात 'मुख्यपृष्ठावरच न्या' हा पर्याय बंद ठेवा आणि भाषांतर नसलेल्या भाषा लपवा, नाहीतर लेख वाचणारा क्लिक करताच मुख्यपृष्ठावर जाऊन पडतो.

सर्च कन्सोलमधला एचरेफलँगचा अहवाल गूगलने 2022 मध्ये काढून टाकला. आता यूआरएल तपासणीत गूगलने निवडलेला कॅनॉनिकल पाहायचा आणि टॅग पेज सोर्समध्ये वाचायचे. समान स्लग किंवा यंत्रभाषांतर लागत असेल तरच प्रो या विकतच्या आवृत्तीचा विचार करा. वूकॉमर्सचं दुकान असेल तर त्याचं ॲड-ऑन वेगळं आहे, ते धरूनच खर्चाचा हिशेब मांडा.