वेगाचे कॅमेरे आणि महाट्रॅफिक ई-चलान: मशीन पास, खिडकी काठावर

मुंबईत गाडी चालवणाऱ्यांमध्ये कॅमेऱ्यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, ही सरकारची वसुली आहे. दुसरा म्हणतो, नियम पाळा, चलान येणारच नाही. दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत. रस्त्यावर वेग मोजणारं यंत्र हा एक भाग, आणि त्या मोजणीचा मेसेज, फोटो, दंड, तक्रार ही महाट्रॅफिक या ई-चलानाच्या सरकारी संकेतस्थळावरची सगळी सेवा, म्हणजे खिडकी, हा दुसरा. पहिला भाग बऱ्यापैकी चोख आहे. लोकांचा राग येतो तो दुसऱ्यात, आणि शिव्या मात्र खांबावरच्या कॅमेऱ्याला बसतात.

यंत्रांपासून सुरुवात करू. मुंबईत आणि मुंबईबाहेर पडताना वेग तीन तऱ्हांनी मोजला जातो. पहिली तऱ्हा म्हणजे रस्त्याकडेला उभी असलेली पोलिसांची इंटरसेप्टर गाडी आणि तिच्यातली लेझर गन. ही गन सेकंदाच्या काही अंशात प्रकाशाचे अनेक ठोके सोडते, प्रत्येक ठोक्याला गाडीचं अंतर मोजते आणि अंतर किती भराभर बदलतंय त्यावरून वेग काढते. ‘गन तिरकी धरली म्हणून वेग जास्त आला’ ही तक्रार हमखास ऐकू येते. गणित नेमकं उलटं आहे. गाडीच्या रेषेशी १० अंशांचा कोन असेल तर ताशी ८० किलोमीटरचा वेग साधारण ७९ दिसतो, २० अंश असेल तर ७५. म्हणजे तिरकेपणाचा फायदा चालवणाऱ्यालाच होतो.

गनची खरी चूक वेगळीकडे होते. लेझरचा झोत लांब गेल्यावर पसरतो. तीनशे मीटरवर तो जवळपास मीटरभर रुंद होतो, त्यामुळे दाटीच्या ट्रॅफिकमध्ये नेम एका गाडीवर आणि ठोका शेजारच्या गाडीवरून परत, असं होऊ शकतं. हातात धरलेली गन हलली आणि झोत बॉनेटवरून काचेकडे सरकला, तरी आकडा बिघडतो. म्हणून चलानाच्या फोटोत नेमाची खूण कुठे आहे हे आधी बघायचं. ती तुमच्या नंबरप्लेटवर किंवा पुढच्या जाळीवर असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत असेल, तर आहे.

दुसरी तऱ्हा खांबावरच्या किंवा कमानीवरच्या कायमच्या कॅमेऱ्यांची. रडार वेग पकडतं आणि सोबतचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो. इथे वेगाचा आकडा सहसा चुकत नाही, चुकतं ते वाचन. ३चा ८ झाला की वडाळा आरटीओची एमएच ०३ गाडी रत्नागिरीच्या एमएच ०८वर जाऊन बसते. वर आपल्याकडे ४१४१चं ‘दादा’ आणि २१४चं ‘राम’ करून मिरवणारे आहेतच. ती प्लेट बेकायदा आहे आणि मशीन तिचं काय वाचेल याचा भरवसा नाही. उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवल्यावर अक्षरांचा ठसा ठरावीक होतो आणि हा गोंधळ बराच कमी होतो. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना ती वेगळी बसवून घ्यावी लागते, त्याची कटकट आहे हे मान्य. पण दुसऱ्याचं चलान आपल्या माथी येण्यापेक्षा ती परवडली.

तिसरी तऱ्हा सरासरी वेगाची, आणि आमच्या मते तिन्हींत तीच सगळ्यात न्याय्य. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४पासून सुरू झालेल्या यंत्रणेत ती आहे. दोन कमानींमधलं अंतर पक्कं माहीत असतं, दोन्हीकडे नंबरप्लेट वाचली जाते आणि लागलेल्या वेळेवरून वेग निघतो. कारसाठी मर्यादा १००. कमानींमध्ये १० किलोमीटर धरले तर ते अंतर सहा मिनिटांच्या आत कापता कामा नये. पाच मिनिटांत पोहोचलात तर सरासरी १२०. यात नेम चुकण्याचा प्रश्नच नाही, घड्याळं एका वेळेवर असली की झालं.

मुख्य म्हणजे यात कॅमेरा दिसला की कचकन ब्रेक मारायचा आणि पुढे गेल्यावर परत दाबायची, ही चलाखी चालत नाही. एका ठिकाणचा कॅमेरा नेमकी तीच सवय लावतो आणि मागून येणाऱ्याची पाचावर धारण बसते. सरासरीतही एक पळवाट आहे. मध्ये फूड मॉल लागला आणि वडापावला वीस मिनिटं थांबलात, की आधीचा सगळा माज धुऊन निघतो. म्हणून सरासरीच्या जोडीला जागेवरचा वेग मोजावाच लागतो.

बोरघाटात कारला ६०ची मर्यादा आहे आणि सगळ्यात जास्त बोंब तिथलीच. रिकाम्या उतारावर ६०ने जाणं जिवावर येतं, हे खरं. पण त्याच उतारावर लोड भरलेले ट्रक ब्रेक तापवत उतरत असतात. तापलेला ब्रेक धरत नाही. अशा ट्रकपुढे कारने लेन बदलली तर ट्रकवाल्याच्या हातात काहीच उरत नाही. ती मर्यादा तुमच्या कारच्या ताकदीवर ठरलेली नाही, शेजारच्या ट्रकच्या लाचारीवर ठरलेली आहे.

आता शहरात. कोस्टल रोड मार्च २०२४पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि वेगाचा सगळा वाद आता तिथे येऊन थांबलाय. सरळ पट्ट्यात ८०, बोगद्यात ६०, वळणांवर आणि चढ-उताराच्या फाट्यांवर ४०. दहा-साडेदहा किलोमीटरमध्ये तीन मर्यादा. प्रियदर्शिनी पार्कापासून गिरगावकडे जाणारा बोगदा २.०७ किलोमीटरचा आहे. ६०ने तो दोन मिनिटं चार सेकंदांत संपतो, ८०ने एक मिनिट तेहतीस सेकंदांत. वाचले ३१ सेकंद. कारला वेगाचं चलान २००० रुपयांचं आहे, तेव्हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

थांबायला लागणारं अंतरही बघा. पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ६०ची गाडी साधारण ३७ मीटरमध्ये थांबते आणि ८०ची ५८ मीटरमध्ये. ओल्या रस्त्यावर हेच आकडे ५२ आणि ८५च्या आसपास जातात. बोगद्यात बंद पडलेली गाडी वळणाआड असेल तर ओल्या रस्त्यावरचा हा फरक म्हणजे चांगल्या सात-आठ गाड्यांची लांबी.

बोगद्यात आणखी एक फसगत होते. मोबाइलच्या नकाशावर दिसणारा वेग उपग्रहावरून येतो आणि जमिनीखाली तो सिग्नल तुटतो. म्हणजे भरवसा गाडीच्या मीटरवरच. मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो, कमी नाही, नियमच तसा आहे. त्यामुळे काटा ६०वर ठेवला की खरा वेग ६०च्या आतच असतो. जुलै २०१९नंतरच्या गाड्यांत वेगाचा बीप असतो, पण तो ८०ला अधूनमधून आणि १२०ला सतत वाजतो. ६०च्या बोगद्यात आणि ४०च्या वळणावर त्याचा काही उपयोग नाही. अटल सेतूवर मर्यादा १००, तिथे चढता-उतरता ४०चं बंधन आहे. लोक नेमके उतरताना सापडतात, कारण वीसेक किलोमीटर १००ने आल्यावर ७० सुद्धा रांगल्यासारखं वाटतं.

मर्यादेचा आकडा एकदम खाली येतो तिथे पाटी अगोदर, मोठी आणि दोनदा हवी. ही मागणी रास्त आहे, नुसती मागणीही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७अ हा नियम ऑगस्ट २०२१मध्ये आला. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचना हवी, यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यायचं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. झाडाआड उभ्या इंटरसेप्टरवर लोक चिडतात. फिरती गाडी कुठे उभी आहे हे आधी कळू नये, यात आम्हाला वावगं वाटत नाही. नाहीतर तो चोराला शिट्टी वाजवून सावध करण्याचा प्रकार. पण मर्यादा किती आहे ही पाटी मात्र तिच्या आधी, उघड्यावर, फांद्या छाटलेली असलीच पाहिजे. पाटी झाकलेली आणि गन उघडी, हे उलटं चित्र दिसलं की ‘वसुली’ हा शब्द लोकांच्या तोंडी येणारच.

वसुलीच्या आरोपाला दुसऱ्या बाजूचं वजनही मोठं आहे. २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू सरकारी नोंदीत अतिवेगाच्या खाती आहेत. अपघाताची नोंद करताना ‘अतिवेग’ लिहून मोकळं होण्याची सवय आहे, खड्डा किंवा चुकीचा उतार कागदावर येत नाही, ही टीका खरी. तरी ती वजा करून उरतं तेही थोडं नाही.

आता सेवेकडे. महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलानं दिसतात. पैसे भरणं सोपं आहे, कार्ड आणि यूपीआय दोन्ही चालतं. मेसेजची वाट बघत बसू नका. नोंदणीला जुना मोबाइल नंबर असेल तर मेसेज भलत्याच्याच फोनवर जातो आणि वर्षभराने दहा चलानं एकदम समोर येतात. वाहन पोर्टलवर नंबर बदलून घ्यायचा, आणि गाडी विकली असेल तर नावांतर झाल्याचं स्वतः तपासायचं. नावांतर होईपर्यंत चलान तुमच्याच नावावर निघत राहतं, नवा मालक कुठेही उडवो.

चलान उघडल्यावर आधी फोटो, मग रक्कम. १६७अ प्रमाणे त्यात गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही दिसणारा स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख-वेळ-ठिकाण आणि कुठलं कलम मोडलं ते हवं. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. पूर्वीच्या पुरावा कायद्यात ते कलम ६५ब होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३. नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत निघायला हवी. यातलं काही नसेल तर तोच तुमचा मुद्दा. ‘मी इतका वेगात नव्हतो’ हा मुद्दा नव्हे. गाडीचा रंग, मॉडेल, छतावरचं कॅरियर, काचेवरचं स्टिकर जुळतं का बघा. तुमची पांढरी स्विफ्ट आणि फोटोत करडी वॅगनआर असेल, तर एक तर वाचन चुकलंय किंवा तुमच्या नंबरची दुसरी गाडी शहरात फिरतेय. दुसऱ्या शक्यतेत नुसती चलानाची तक्रार पुरत नाही, पोलिस ठाण्यातही अर्ज द्यावा लागतो.

तक्रार ॲपमधून करता येते, किंवा वरळीच्या वाहतूक मुख्यालयात कागद घेऊन जाता येतं. चलानाचा फोटो, गाडीचे चारही बाजूंचे फोटो, नोंदणीपत्र आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे होती याचा पुरावा एकत्र द्या. फास्टॅगचा उतारा हा सगळ्यात पक्का पुरावा, कारण त्यात वेळ मिनिटापर्यंत असते. यात एक मेख आहे. ऑक्टोबर २०२४पासून दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी या नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही, त्यामुळे तिथली नोंद मिळत नाही. कोस्टल रोडलाही टोल नाही. सी लिंक आणि अटल सेतूची मिळते. नाहीतर सोसायटीच्या गेटचं फुटेज, पण ते थोड्या दिवसांतच पुसलं जातं, म्हणून मेसेज आला त्याच दिवशी मागून ठेवा.

आधी पैसे भरून मग भांडू, असं करू नका. भरले म्हणजे गुन्हा कबूल. भरायचे नसतील तर मामला दंडाधिकाऱ्यांपुढे जाऊ शकतो. लोकअदालतीत रक्कम कमी होईल अशी आशा धरून लोक चलानं साठवतात. कधी होतेही, पण तो तुमचा हक्क नाही, आणि तोवर डोक्यावर बाकी राहते ती राहतेच.

मालवाहतूकदारांनी जुलै २०२५मध्ये राज्यभर चक्का जाम केला, त्यात ई-चलान हाच कळीचा मुद्दा होता. त्याच महिन्यात पोलिसांना खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नका, अशा सूचना निघाल्या. चांगलंच झालं. हवालदाराच्या फोनमधल्या फोटोला ना प्रमाणपत्र, ना मोजलेला आकडा. पण गनच्या आणि कमानीच्या चलानाला हा बचाव लागू होत नाही, तिथे तो सांगून वेळ घालवू नका.

यंत्राला आम्ही पाचापैकी चार देऊ, सरासरी वेगाच्या कमानींना साडेचार. तक्रारीच्या बाजूला दोन, तेही फोटो घरबसल्या बघता येतो म्हणून.

जाता जाता, व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर उघडू नका, मग तुमचा खरा गाडी नंबर त्यात लिहिलेला का असेना. चलान कधी एपीके म्हणून येत नाही. मेसेजमधल्या लिंकवर बोट न ठेवता पत्ता स्वतः टाइप करा, आणि शेवट ‘गव्ह डॉट इन’ने होतोय ना, एवढं बघून मगच चेसिसचे चार आकडे टाका.