280 रुपयांच्या कॉर्डसाठी गेलेले 84,304 रुपये

माझ्या बचत खात्यातून 10 जानेवारी 2025 रोजी संध्याकाळी 7 वाजून 31 मिनिटांनी 5 रुपये, 7.42 ला 49,999 रुपये, 7.44 ला 24,500 रुपये आणि रात्री 9.06 ला 9,800 रुपये गेले. एकूण 84,304 रुपये. विजेच्या एका यंत्राची जळकी कॉर्ड, म्हणजे जोडवायर, बदलून मिळावी म्हणून मी फोन केला आणि माझी ही ऑनलाइन फसवणूक झाली. यांतले पहिले पाच रुपये मी स्वतःच्या हाताने भरले आणि बाकीचे त्या पाच रुपयांच्या वाटेने गेले. सोलापुरातल्या एका चादर कारखान्याच्या कचेरीत मी एकतीस वर्षे हिशेब लिहिले, पै-पैचा ताळा जुळवल्याशिवाय घरी गेलो नाही, आणि तरीही हे माझ्याच बाबतीत घडले, याची लाज मला अजून वाटते. मुलाचे म्हणणे होते की हे चारचौघांत सांगू नये. मला ते पटले नाही, कारण अशीच एखादी वायर उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी जळेल आणि तोही माझ्यासारखाच फोन हातात घेईल.

आमच्या घरी वनस्पतींचा वाफारा देणारे, टेबलावर ठेवायचे विजेचे यंत्र आहे. आई एक्याऐंशी वर्षांची आहे. तरुणपणी तिने अनेक वर्षे मागावर कांड्या भरल्या, सुताचा फुफाटा छातीत गेला, आणि थंडी पडली की तिचा खोकला रात्ररात्र थांबत नाही. डॉक्टरांची औषधे चालू आहेतच, पण वाफाऱ्याने तिला मोकळे वाटते. गॅसवरच्या पातेल्यावर टॉवेल घेऊन तिला वाकवणे मला धोक्याचे वाटे, म्हणून 2024 च्या मार्च महिन्यात हे यंत्र 3,490 रुपयांना ऑनलाइन मागवले. खाली पाण्याची टाकी आणि 600 वॅटचे हीटर, त्यावर पाला ठेवायची जाळी, आणि वर नाका-तोंडापाशी येणारा पेला. तुळशीची दहा-बारा पाने, निलगिरीची दोन आणि चिमूटभर ओवा जाळीवर ठेवला की दहा मिनिटांत काम होते. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. आमच्याकडे नळाचे पाणी काही दिवसांआड येते, मधे बोअरचे वापरले की टाकीच्या तळाशी पांढरा थर धरतो आणि पाणी उकळायला वेळ लागतो. लिंबाचा रस घालून थोडा वेळ ठेवले की तो थर सुटतो. एवढेच काय ते त्याचे दुखणे होते.

खरे दुखणे कॉर्डचे निघाले, आणि त्यात आमचीही चूक होती. वाफारा झाला की गरम यंत्राभोवतीच कॉर्ड घट्ट गुंडाळून ठेवायची आणि काढताना टोक न धरता वायर धरून ओढायची, अशी घरातल्या सगळ्यांची सवय. दहा महिन्यांत यंत्राकडच्या टोकातल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या. पट्टी सैल झाली की पिनेला ती नीट टेकत नाही आणि त्या जागी उष्णता साठते. 230 व्होल्टवर 600 वॅट म्हणजे अडीच-पावणेतीन अँपिअर, एरवी काहीच नाही, पण सैल सांध्यावर तेवढ्यानेही प्लास्टिक तपकिरी होऊ लागले. हात लावला तर चटका बसे. 8 जानेवारीला तिथे ठिणगी उडाली आणि मी यंत्र बंद करून ठेवले. आपल्याकडे असे काही असेल तर कॉर्डचे टोक आजच हाताने चाचपून पाहा. प्लास्टिकचा रंग बदलला असेल तर चिकटपट्टी गुंडाळून ती वापरू नका.

कॉम्प्युटरची कॉर्ड घरात पडून होती. दिसायला अगदी तशीच, तीन भोकांची. पण ती यंत्रात जाईना. कारण मला नंतर समजले. जिथे उष्णता असते अशा उपकरणांच्या कॉर्डच्या तोंडाला, अर्थिंगच्या भोकासमोरच्या बाजूला, एक छोटी खाच असते आणि यंत्राच्या सॉकेटमध्ये त्या खाचेत बसणारा उंचवटा असतो. साध्या कॉर्डचे टोक 70 अंशांपर्यंतच्या पिनेसाठी बनवलेले असते, खाचेचे 120 अंशांपर्यंत. साधी कॉर्ड चुकून गरम यंत्राला लावली जाऊ नये म्हणूनच ही योजना आहे. मला त्या दिवशी हे ठाऊक नव्हते. मी समजलो की कंपनीने मुद्दाम वेगळी कॉर्ड बनवली आहे आणि ती कंपनीकडूनच मिळेल. शिवाय वॉरंटीचे दोन महिने बाकी होते; बाहेरची कॉर्ड लावली तर वॉरंटी जाईल, ही भीतीही होती. माहितीपुस्तिकेत दूरध्वनी क्रमांक कुठेही नाही, फक्त एक ई-मेल पत्ता बारीक अक्षरांत आहे. त्यावर मी 8 आणि 9 तारखेला दोन पत्रे पाठवली. आजतागायत उत्तर नाही. हे मी माझा दोष झाकण्यासाठी लिहीत नाही. ज्या कंपनीने ग्राहकाला साधा एक क्रमांक दिला असता तिचा ग्राहक शुक्रवारी संध्याकाळी, आई शेजारच्या खोलीत खोकत असताना, इंटरनेटवर क्रमांक शोधत बसला नसता, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुढचे आपण ओळखले असेलच. कंपनीचे नाव आणि ‘ग्राहक सेवा’ असे शोधले, पहिल्याच जागी बोधचिन्हासह क्रमांक आला, मी फोन लावला. पलीकडचा माणूस नम्र होता, हिंदीत बोलत होता, मधेच ‘हो काका’, ‘काळजी करू नका काका’ असे मराठीत म्हणत होता. कॉर्ड वॉरंटीत फुकट मिळेल, कुरिअरच्या नोंदणीचे फक्त पाच रुपये भरा, असे त्याने सांगितले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवली. ती फाइल म्हणजे अ‍ॅप होते. ते उघडून त्यात नाव, पत्ता आणि पाच रुपयांसाठी कार्डाचा तपशील मी भरला.

मला त्या फोनमधला एक क्षण आठवतो आणि रात्री झोप उडते. फाइल उघडताच माझ्या फोनने मला थांबवले होते. हे अ‍ॅप अनोळखी ठिकाणाहून आले आहे, ते धोकादायक असू शकते, असा इशारा पडद्यावर आला होता, आणि तोही स्वच्छ मराठीत. मी तो पूर्ण वाचला. मी त्या माणसाला विचारलेही, की असे का येते. तो म्हणाला, ‘काका, नवीन अ‍ॅप आहे, सगळ्यांना येते, होकार द्या.’ मी होकार दिला. लगेच दुसरा प्रश्न आला की या अ‍ॅपला तुमचे एसएमएस वाचू द्यायचे का. कॉर्ड पाठवणाऱ्या कंपनीला माझे एसएमएस वाचून काय करायचे आहे, हा प्रश्न माझ्या मनात आला होता, मला तो आलेला स्पष्ट आठवतो, आणि आईला उबळ आली म्हणून मी तिकडे मान वळवली आणि बोटाने होकार दाबला. त्या एका होकारानंतर बँकेचे सगळे ओटीपी माझ्या आधी त्यांना दिसत होते. त्याच्याही आधीची खूण मी सोडली होती ती वेगळीच. त्याने मला यंत्राचा मॉडेल क्रमांक विचारला नाही, बिल मागितले नाही, खरेदीची तारीख विचारली नाही. वॉरंटीत वस्तू देणारा माणूस पहिल्यांदा बिल मागतो. मी स्वतः कारखान्यात परत आलेल्या चादरींचे हिशेब ठेवले आहेत, बिल पाहिल्याशिवाय एक चादरही बदलून दिलेली नाही, आणि तरी मला हे खटकले नाही.

मी ओटीपी कोणालाही सांगितला नाही. हे मी जोर देऊन लिहितो, कारण पुढे प्रत्येक टेबलावर मला हेच ऐकवले गेले की तुम्हीच सांगितला असणार. ओटीपी सांगू नका, एवढेच आपल्याला वर्षानुवर्षे शिकवले गेले. एसएमएस वाचणारे अ‍ॅप फोनमध्ये बसले की न सांगताही तो जातो, हे बँकेने मला आलेल्या शेकडो संदेशांपैकी एकातही इतक्या सोप्या शब्दांत सांगितले नव्हते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कोणतीही अ‍ॅपची फाइल उघडू नका, मग ती लग्नाची पत्रिका म्हणून आलेली असो, वीजबिल म्हणून असो की वॉरंटीचा अर्ज म्हणून.

पैसे गेल्याचा संदेशही मला दिसला नाही. साडेआठला दूधवाल्याला महिन्याचे 1,860 रुपये पाठवताना शिल्लक एकदम कमी झाल्याचे समजले. तेव्हा माझ्या खात्यात 9,800 रुपये उरले आहेत की 84,000 आहेत, हे मला दोनदा पाहूनही उमगेना, इतके हात थरथरत होते. बँकेच्या मदत क्रमांकावर सतरा मिनिटे थांबलो. 8.58 ला तक्रार क्रमांक मिळाला, कार्ड बंद केले असेही सांगण्यात आले. मी तो क्रमांक आणि वेळ वहीत लिहिली. ही एक गोष्ट मी बरोबर केली. कारण कार्ड ‘बंद’ झाल्यावर आठ मिनिटांनी, 9.06 ला, आणखी 9,800 रुपये गेले. 1930 हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक 9.22 ला लागला. त्या ताईंनी मात्र शांतपणे सगळे लिहून घेतले, पोचपावतीचा क्रमांक दिला. खरे तर 1930 ला आधी फोन करायला हवा होता. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतो आणि तो वाटेत गोठवण्याचे काम तिथून होते. वेळ गेला की काढणारा काढून घेतो. बँकेसाठी घरातल्या दुसऱ्या माणसाने त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून प्रयत्न करावा.

दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, नंतर रविवार. शाखा सोमवारपर्यंत बंद. हे चोर दिवसही पाहून निवडतात असे माझे मत झाले आहे. शनिवारी सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. कोणत्या ठाण्यात ते लिहीत नाही. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा तोंडावर होती, सगळे बंदोबस्ताच्या कामात होते, हे मलाही दिसत होते. यात्रा माझीही आहे, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला मी लहानपणापासून उभा राहिलो आहे. पण ‘संक्रांत होऊ द्या, मग या’ हे उत्तर ज्याचे पैसे त्या क्षणी कुठल्यातरी खात्यातून काढले जात आहेत त्याला द्यायचे असते काय? संक्रांतीनंतर गेलो तर सांगितले की तुमचे घर दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत आहे. तिथे गेलो तर म्हणाले, ऑनलाइन तक्रार झाली आहे ना, मग वेगळा गुन्हा कशाला. एकाने यंत्राचा फोटो पाहून, ‘हे ओढायचे काही आहे का’ असे विचारले. एक्याऐंशी वर्षांच्या बाईच्या खोकल्यासाठी तुळशीची वाफ देणाऱ्या यंत्राबद्दल मला खुलासा द्यावा लागला. चार फेऱ्यांनंतर, 29 जानेवारीला गुन्हा नोंदवला गेला, आणि तोही मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ची प्रत समोर ठेवल्यावर, ज्यात गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी असे स्पष्ट लिहिले आहे. 1930 ची पोचपावती म्हणजे गुन्हा नोंदवणे नव्हे. प्रथम माहिती अहवालाची प्रत मागा. ती फुकट मिळणे हा तक्रारदाराचा हक्क आहे.

बँकेचे काय सांगावे? 13 जानेवारीला, भोगीच्या दिवशी, शाखा उघडताच मी लेखी अर्ज घेऊन उभा होतो. पोच देण्यास नकार. ‘साहेब आले की शिक्का मिळेल’, म्हणून दुपारी तीनपर्यंत बाकावर बसलो. साहेबांनी वर न पाहता सांगितले की व्यवहार ओटीपीने झाला आहे, बँक जबाबदार नाही. ज्या शाखेत माझा पगार एकवीस वर्षे जमा झाला, तिथे मला खुर्ची देण्यात आली नाही. मी रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाचा उल्लेख केला. त्यात असे म्हटले होते की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे. माझी तक्रार 8.58 ची, शेवटचा व्यवहार 9.06 चा. यात वादाला जागा कुठे आहे? साहेब म्हणाले, ते परिपत्रक आमच्याकडे आलेले नाही. साडेसात वर्षांपूर्वीचे परिपत्रक!

तीस दिवस वाट पाहून 14 फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही, फक्त आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो, म्हणूनच त्या शिक्क्यासाठी मी तीनपर्यंत बसलो होतो. 22 एप्रिलला 9,800 रुपये खात्यात परत आले. एका ओळीचे पत्रही नाही. 49,999 आणि 24,500 रुपयांबद्दल मला प्रत्येक ठिकाणी ‘तपास चालू आहे’ एवढेच ऐकायला मिळते, आणि ते पैसे ज्या खात्यांत गेले त्यांची केवायसी कोणी, काय पाहून केली, हे विचारले की समोरचा माणूस फोन उचलतो.

कॉर्ड मी फेब्रुवारीत घेतली. नवी पेठेतल्या विजेच्या सामानाच्या दुकानात जुनी कॉर्ड काउंटरवर ठेवली. दुकानदाराने तिच्या तोंडाची खाच बोटाने दाखवली, मागच्या फळीवरून तशीच आयएसआय खुणेची एक काढली आणि 280 रुपये सांगितले. लावून दाखवली, बसली. जुनी कॉर्ड सोबत न्या, वर्णन करत बसू नका. आणि हीटरचे यंत्र स्वस्तातल्या एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. आता वाफारा झाला की आम्ही आधी बटण बंद करतो, टोक धरून कॉर्ड काढतो, आणि यंत्र निवल्यावर तिचे सैल वेटोळे करून वेगळी ठेवतो.

ग्राहक सेवेचा तो बनावट क्रमांक मी दूरसंचार विभागाच्या ‘चक्षु’ या सुविधेवर कळवला, पोलिसांना छापून दिला, इंटरनेटच्या शोधयंत्राकडेही तक्रार नोंदवली. परवा पुन्हा शोधून पाहिले. क्रमांक बदलला आहे, बोधचिन्ह तेच आहे, आणि जागा पहिलीच आहे. तो नवा क्रमांक मी सोमवारी ठाण्यात घेऊन गेलो. त्यांनी नवीन अर्ज करायला सांगितले आहे.