ओडिसियसचे गुणदोष : एका ध्वनिव्याख्यानमालेचे परीक्षण

इथाका बेटाचा राजा ओडिसियस ट्रॉयच्या युद्धानंतर घरी कसा परततो, हे सांगणाऱ्या होमरच्या ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्यावरील ही इंग्रजी ध्वनिव्याख्यानमाला नायकाची आरती न ओवाळता त्याच्या गुणांबरोबर दोषांचाही हिशेब मांडण्याचे आश्वासन देते. हे आश्वासन तिने निम्म्याहून अधिक पाळले आहे. गुणांच्या बाजूला तिच्यात उणे काढण्यासारखे फारसे नाही. दोषांच्या बाजूला मात्र तिने एकच दोष हाती धरला आणि तोच शेवटपर्यंत लावून धरला. मालिकेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण माझी हरकत तिच्या निर्मितीपेक्षा तिच्यातील ओडिसियसच्या आकलनाशी आहे.

आरंभ उत्तम साधला आहे. सायक्लॉप्स, सर्सी, सायरन असा साहसांचा बाजार पहिल्याच व्याख्यानात न मांडता वक्ता श्रोत्याला थेट पाचव्या सर्गात नेतो. चार सर्ग नुसते नाव ऐकवल्यानंतर होमरने आपला नायक प्रथम समोर आणला आहे तो तिथेच, कॅलिप्सोच्या बेटावर, समुद्राकडे पाहत रडत बसलेला. सात वर्षे तो तिथे अडकला आहे; अमरत्व देऊ करणाऱ्या अप्सरेला तो नकार देतो आणि आपली पत्नी पेनेलपी रूपाने तिच्यापुढे उणीच ठरेल हे कबूल करूनही घरीच जायचे म्हणतो. त्यानंतर तो वीस झाडे तोडतो, खोडे तासतो, सांधे जुळवतो आणि चौथ्या दिवशी तराफा तयार करतो. हा राजा सुतारकाम जाणतो, आणि तेविसाव्या सर्गात त्याची ओळख पक्की होते तीही त्याने स्वतः ऑलिव्हच्या जिवंत बुंध्यावर घडवलेल्या पलंगामुळेच, हा धागा वक्त्याने फार सुरेख जुळवला आहे. नॉसिकाआच्या भेटीचे विवेचनही असेच नेमके आहे. नग्न, मिठाने माखलेल्या अवस्थेत राजकन्येचे गुडघे धरून याचना करावी की दुरूनच बोलावे, याचा ओडिसियस क्षणभर विचार करतो आणि दुरून बोलणेच पसंत करतो. समोरच्या माणसाच्या मनाचा अदमास घेण्याची ही हातोटी त्याच्या धनुर्विद्येपेक्षा काकणभर सरस आहे, हे मत मला पूर्णपणे पटले.

मालिकेतील सर्वांत प्रभावी व्याख्यान नवव्या सर्गावरचे आहे. पॉलिफेमस या एकडोळ्या सायक्लॉप्स राक्षसाच्या गुहेत शिरल्यावर साथीदार विनवतात की चीज आणि कोकरे घेऊन निघूया. ओडिसियस ऐकत नाही, कारण त्याला यजमान पाहायचा आहे आणि त्याच्याकडून भेटवस्तूही हवी आहे. या हट्टापायी सहा माणसे खाल्ली जातात. पुढे ‘कोणीही नाही’ हे खोटे नाव, राक्षसाला पाजलेली दारू, डोळ्यात खुपसलेला तापवलेला खुंट आणि मेंढ्यांच्या पोटाखालून झालेली सुटका हा सगळा भाग वक्ता झरझर सांगतो आणि मग जहाजावर येऊन थांबतो. ओडिसियसने तिथून मारलेल्या पहिल्या आरोळीनंतर पॉलिफेमसने फेकलेल्या कड्याच्या लाटेने जहाज पुन्हा किनाऱ्याकडे ढकलले जाते. गलबत दुप्पट अंतरावर गेल्यावर ओडिसियस पुन्हा ओरडू पाहतो, साथीदार त्याला गप्प राहण्यासाठी चहूकडून विनवतात, आणि तरीही तो आपले नाव, बापाचे नाव आणि गाव सांगून मोकळा होतो. याच तपशिलांच्या बळावर पॉलिफेमस आपला बाप, समुद्रदेव पोसायडन, याच्याकडे ओडिसियसचे नाव घेऊन शाप मागू शकतो. वक्त्याने हे उतारे आवाजात कसलेही नाटक न आणता वाचले आहेत, त्यामुळे साथीदारांची भीती अधिक खरी वाटते.

इथून पुढे माझे मतभेद सुरू होतात. अहंकार हाच ओडिसियसचा दोष, असे एकदा ठरवल्यावर मालिका पुढच्या प्रत्येक अनर्थाला तीच मोजपट्टी लावते. दहाव्या सर्गातील प्रसंग पाहावा. वाऱ्यांचा रखवालदार एओलस याने वारे बांधून दिलेली पिशवी जहाजावर आहे, पण तिच्यात काय आहे हे ओडिसियस कोणालाही सांगत नाही; नऊ दिवस शिडाच्या दोरीला तो दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाही; दहाव्या दिवशी इथाकाच्या किनाऱ्यावरचे जाळ दिसू लागतात, तेव्हा त्याला झोप लागते आणि सोनेचांदी असेल या संशयाने खलाशी पिशवी सोडतात. यात बढाई कुठे आहे? ताकास तूर लागू न देण्याचा हा स्वभाव आहे, आणि माझ्या मते तोच या नायकाचा मूळ दोष आहे. लेस्ट्रिगोनियन या नरभक्षक राक्षसांच्या बंदरात बाकीची अकरा जहाजे आत नांगरली जातात, ओडिसियस आपले एकटेच बाहेर ठेवतो, आणि अकराही बुडतात. त्याने इतरांना सावध केल्याचा उल्लेख काव्यात नाही. सहा तोंडांच्या स्किला राक्षसिणीबद्दल जादूगारीण सर्सीने सांगितलेले तो खलाशांपासून लपवतो. भीतीने ते वल्ही टाकतील, हे त्याचे कारण व्यवहाराला धरून आहे हे मान्य करावे लागते, तरी मरणाऱ्या सहा जणांना आपण कशाच्या तोंडी जात आहोत हे ठाऊक नव्हते. हीच वृत्ती इथाकात भिकाऱ्याच्या वेषात त्याचा जीव वाचवते आणि पेनेलपीशी लग्न करू पाहणाऱ्या एकशे आठ विवाहेच्छुकांवर मात करवून देते. हे सूत्र हाती धरले असते तर मालिकेची दोन्ही पारडी आपोआप तोलली गेली असती.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. नवव्या ते बाराव्या सर्गापर्यंतची बहुतेक सगळी हकीकत ओडिसियस स्वतः फिएशियनांच्या, म्हणजे नॉसिकाआच्या लोकांच्या, दरबारात सांगतो, आणि या यजमानांकडून त्याला घरी पोहोचवणारे जहाज हवे आहे. याचा उल्लेख मालिकेत ओझरता येतो. साथीदार स्वतःच्याच मूर्खपणाने मेले, असे काव्याच्या प्रारंभीच कवी म्हणतो. पण दहाव्या सर्गात युरिलोकस हा साथीदार सायक्लॉप्सच्या गुहेतील मृत्यूंचे खापर सरळ ओडिसियसच्या आततायीपणावर फोडतो आणि त्याबद्दल ओडिसियसला त्याचे मुंडके उडवण्याची इच्छा होते. चोविसाव्या सर्गात मारल्या गेलेल्या अँटिनोअस या विवाहेच्छुकाचा बाप युपीथिस इथाकाच्या सभेत हाच हिशेब मांडतो: जाताना जहाजे आणि माणसे घालवली, आल्यावर उरलेले चांगले तरुण मारले. काव्यातच नायकावर असे आरोपपत्र ठेवले असताना ते बाजूला सारून आधुनिक नीतिकल्पनांवर वेळ घालवणे मला अनाकलनीय वाटले.

शेवटच्या व्याख्यानात ओडिसियस सुधारला, असा निष्कर्ष येतो. त्यासाठी दिलेला पुरावा चांगला आहे: पॉलिफेमसवर ओरडणारा माणूस बाविसाव्या सर्गात विवाहेच्छुकांच्या प्रेतांकडे पाहून हर्षाने ओरडू लागलेल्या आपल्या म्हाताऱ्या दाईला, युरिक्लियाला, अडवतो आणि मेलेल्यांवर आनंद व्यक्त करणे अधर्म आहे असे बजावतो. भिकाऱ्याच्या वेषात असताना अंगावर फेकलेली चौरंगी आणि बैलाचा खूर त्याने मुकाट सोसले, हेही खरे. (विवाहेच्छुकांशी संबंध ठेवणाऱ्या बारा दासींच्या फाशीचा प्रसंग मात्र वक्ता टाळत नाही आणि त्याला गोंडस रूपही देत नाही, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत.) परंतु बाप लेअर्टीस याच्या भेटीला मालिकेने जेमतेम एक वाक्य दिले आहे. शत्रू मेले आहेत, लपण्याचे कारण उरलेले नाही, म्हातारा बाप बागेत एका रोपाभोवती माती उकरत आहे. आणि तरीही, मिठी मारावी की आधी पारखून पाहावे याचा विचार करून ओडिसियस पारखण्याचेच ठरवतो, खोटे नाव आणि खोटे गाव सांगतो. बाप दोन्ही मुठींत धूळ घेऊन आपल्या पिकल्या डोक्यावर ओततो, तेव्हा कुठे मुलाचा धीर सुटतो. सुधारणेचा निष्कर्ष काढणाऱ्याने या प्रसंगाला उत्तर द्यायला हवे होते.

ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे आणि ग्रीक नावांचे उच्चार अखेरपर्यंत एकसारखे आहेत. सोबतच्या टिपणात नकाशा आहे, पण सर्गाच्या क्रमांकापलीकडे ओळींचे क्रमांक दिलेले नसल्यामुळे सुमारे बारा हजार ओळींच्या काव्यात उतारा शोधताना दमछाक होते. ‘ओडिसी’ प्रथमच हाती घेणाऱ्याने पहिल्या निम्म्या व्याख्यानांसाठी ही मालिका अवश्य घ्यावी. ज्याने काव्य वाचलेले आहे त्याने नवव्या सर्गावरचे व्याख्यान सुटे मिळत असल्यास तेवढेच घ्यावे.