कॉक्सिनेल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सी भाषेतल्या कोडमध्ये एकच बदल शेकडो ठिकाणी करायचा असेल तर कॉक्सिनेल हे नियमावरून कोड आपोआप बदलणारं टूल जरूर वापरा, हे आधीच सांगून टाकतो. आठ महिने मी ते आमच्या ओपन सोर्स लायब्ररीवर चालवतोय. लायब्ररी सांभाळणारे आम्ही चौघे: मी मुलुंडला, एक जण गोरेगावला, बाकीचे दोघे परदेशात. लॉगिंगच्या फंक्शनला एक जादा आर्ग्युमेंट (फंक्शनला पाठवायची माहिती) द्यायचं होतं. काम एवढंच, पण फाइली साडेतीनशेच्या आसपास.

आधी सेड, म्हणजे मजकूर ओळीओळीने शोधून बदलणारी कमांड, चालवून पाहिलं. दोन ओळींत तुटलेले कॉल सुटले आणि कॉमेंटमधलं नाव मात्र बदललं गेलं. कॉक्सिनेल कोड पार्स करतं, म्हणजे त्याची रचना समजून घेतं, त्यामुळे कॉल एका ओळीत असो की तीन, त्याला अडत नाही. नियम पॅचसारखाच, म्हणजे बदलांच्या यादीसारखा, लिहायचा: उणे चिन्हाची ओळ जाते, अधिक चिन्हाची येते, मध्ये तीन टिंबं दिली की तिथे कुठलाही कोड चालतो. पहिला नियम जमायला मला दोन संध्याकाळी लागल्या. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) तयार नियमांचं अख्खं फोल्डर आहे, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या स्वतःच्या कोडमध्येही आहे. शिकायला तेच उघडा. त्यातला एक नियम पॉइंटर (मेमरीचा पत्ता) नल, म्हणजे रिकामा, आहे का हे तपासणारी अट काढून नुसतं फ्री (मेमरी मोकळी करणारं फंक्शन) ठेवतो, कारण नलवर फ्री केलं तरी सीमध्ये काहीच होत नाही. पाच मिनिटांत समजतो.

पहिल्या वेळी आम्ही एकच भलामोठा पॅच पाठवला. तपासायला तीन आठवडे लागले आणि तोवर तो शिळा झाला. रोज नवे कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोघांचे वेगळे बदल. कल्याणची एक कॉलेजची मुलगी दीड महिना विंडोजच्या पोर्टवर (लायब्ररी विंडोजवर चालावी यासाठी) काम करत होती, तिची ब्रँच, म्हणजे तिच्या बदलांची वेगळी शाखा, तर पार मोडली. ‘दादा, आधी कळवलं असतं तर मी दोन दिवस थांबले असते,’ एवढंच तिने लिहिलं. ते मला लागलं, कारण चूक माझीच होती.

तेव्हापासून आम्ही कर्नलवाल्यांसारखा नियमच कमिट मेसेजमध्ये (नोंदवलेल्या बदलासोबतच्या टिपणीत) टाकतो. तपासणारा बारा ओळींचा नियम नीट वाचतो, वीसेक फाइली चाळतो. मर्जच्या, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळायच्या, दिवशी ताज्या कोडवर नियम पुन्हा चालवायचा. ज्याची ब्रँच चालू आहे त्याने बदलाच्या आधीच्या कमिटपर्यंतचं सगळं मर्ज करायचं, आपल्या ब्रँचवर तोच नियम चालवायचा आणि मग बदलाचा कमिट घ्यायचा. दोन्हीकडे तोच बदल दिसला की गिट सहसा भांडत नाही. हा दिवस आठवडाभर आधी जाहीर करतो, शक्यतो रिलीजनंतरचा रविवार. गोरेगावकर त्याला मेगाब्लॉक म्हणतो आणि आता परदेशातले दोघेही तोच शब्द वापरतात! ब्लॉकच्या वेळात दुसरं काहीही मर्ज होत नाही. फंक्शनचा अर्थच बदलणार असेल तर जुनं आणि नवं एक रिलीजभर शेजारी ठेवतो, मॉड्यूलमागून मॉड्यूल हलवतो, शेवटी जुनं काढतो. वेळ जातो, पण कोणाचं काम वाया जात नाही.

आता तक्रारी. जो कोड पार्स होत नाही तो कॉक्सिनेल गुपचूप सोडून देतं. आमचे विचित्र मॅक्रो (कंपाइलच्या आधी दुसऱ्या कोडने बदलली जाणारी नावं) असलेली एक फाइल अशीच राहिली आणि बिल्ड फक्त एआरएम प्रोसेसरवर फुटला. तेव्हापासून आधी पार्स-सी पर्याय लावून काय वाचता आलं नाही ते बघतो, मग मॅक्रोंची वेगळी फाइल देतो. इफडेफच्या (अटीनुसार कोड घेणाऱ्या किंवा वगळणाऱ्या ओळींच्या) जंगलातही हाताने बघावंच लागतं. एरर मेसेज तर इतके त्रोटक असतात की नवा माणूस तिथेच सोडून देईल, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गिट ब्लेमचंही, म्हणजे कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडचंही, बघा. 2019 च्या 2.23 आवृत्तीपासून ठरावीक कमिट ब्लेममधून वगळता येतात. त्यांचे हॅश (कमिटची ओळख सांगणारे कोड) एका फाइलीत ठेवायचे आणि प्रत्येकाने आपल्या कॉन्फिगमध्ये ती फाइल नोंदवायची. आम्ही हॅश मर्जच्या आधीच लिहिला, मर्ज करताना स्क्वॉश झालं, म्हणजे सगळं मिळून एक नवा कमिट झाला, हॅश बदलला आणि महिनाभर प्रत्येक ओळीवर माझंच नाव दिसत होतं. हॅश मर्ज झाल्यावर, वेगळ्या कमिटमध्ये टाका.