सीअर डेटाबेस आणि सीअर-स्टॅट: सर्व्हायव्हलला भारी, स्क्रीनिंगला जपून

सरळच सांगते. ब्रेस्ट कॅन्सरच्या सर्व्हायव्हलवर, म्हणजे निदानानंतर रुग्ण किती काळ जगतात यावर, काम करायचंय आणि खिशात दमडी नाही, अशा माणसाला अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा सीअर डेटा, म्हणजे कॅन्सरच्या केसेसची रजिस्ट्री, ही लॉटरीच आहे. पण "मॅमोग्राफी केलेल्या बायका जास्त जगतात हे सीअरवरून दाखवते" असा थिसिसचा प्लॅन असेल तर जरा थांबा. माझे स्टार: सर्व्हायव्हलसाठी पाचपैकी साडेचार, स्क्रीनिंगसाठी (म्हणजे काही त्रास नसताना केलेली तपासणी, जशी मॅमोग्राफी, स्तनाचा एक्स-रे) दोन, आणि तेही मोठ्या मनाने.

आधी चांगलं. ही रजिस्ट्री 1973 पासून केसेस गोळा करतेय, सुरुवातीला कनेक्टिकट, आयोवा, न्यू मेक्सिको, युटा, हवाई ही राज्यं आणि डेट्रॉइट, सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड असे भाग होते, आता वाढत वाढत अमेरिकेची जवळपास निम्मी लोकसंख्या यात येते. मुख्य म्हणजे हा एखाद्या बड्या हॉस्पिटलचा डेटा नाही, त्या भागात राहणाऱ्या कुणालाही कॅन्सर निघाला की नोंद होते, मग ती बाई भारीतल्या सेंटरला गेली असो की कोपऱ्यातल्या दवाखान्यात. त्यामुळे छेदात खरी लोकसंख्या असते आणि रेट काढता येतो. हॉस्पिटलच्या डेटावर कितीही डोकं आपटा, हे जमत नाही.

हा डेटा वापरायचं सॉफ्टवेअर, सीअर-स्टॅट, फुकट आहे, अर्ज करा, डेटा वापराच्या अटी मान्य करा, झालं. दिसायला मात्र जुनाट, आणि चालतं फक्त विंडोजवर, मॅकवाल्यांनी आपली सोय आपण बघायची. पण एकदा हात बसला की रिलेटिव्ह सर्व्हायव्हल (त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत रुग्ण किती जगतात) काढणं म्हणजे चार टॅब भरायचे आणि विजेच्या चिन्हाचं बटन दाबायचं, सर्वसाधारण लोकांच्या आयुर्मानाची लाइफ टेबल आतच आहेत, बाहेरून काही जोडावं लागत नाही. फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून किंवा पोस्टमॉर्टेममधून कळलेल्या केसेस वगळायला विसरू नका. नुसता आकडाच बघायचा असेल तर सीअर-एक्सप्लोरर वेबसाइटवर दोन क्लिकमध्ये आलेख मिळतो. स्तनापुरती मर्यादित गाठ असेल तर पाच वर्षांचं रिलेटिव्ह सर्व्हायव्हल 99 टक्क्यांच्या वर, आसपासच्या लसिका ग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड) गेलेला असेल तर 86-87 च्या आसपास, आणि लांब पसरलेला असेल तर साधारण 30.

आणि नेमकं हेच तीन आकडे बघून सगळे घसरतात. "बघा, लवकर सापडला की 99 टक्के वाचतात, म्हणजे स्क्रीनिंग काम करतं!" अहो नाही. समजा एका बाईला 65 व्या वर्षी गाठ हाताला लागली असती आणि ती 70 व्या वर्षी गेली असती, सर्व्हायव्हल पाच वर्षं. तीच गाठ मॅमोग्राममध्ये 61 ला दिसली, तरी ती 70 लाच गेली, सर्व्हायव्हल नऊ वर्षं. एक दिवस जास्त जगली नाही पण तुमचा आलेख मस्त वर गेला. यात भर म्हणजे हळू वाढणाऱ्या गाठी दोन तपासण्यांच्या मध्ये जास्त काळ नुसत्या बसून असतात, म्हणून स्क्रीनिंगच्या जाळ्यात त्याच जास्त येतात, आणि काही तर अशा की त्यांनी जन्मात कधी त्रासच दिला नसता. म्हणून सर्व्हायव्हलच्या शेजारी मृत्युदर ठेवाच, तोही सीअर-स्टॅटमध्येच मिळतो. अमेरिकेत 1989 नंतर ब्रेस्ट कॅन्सरचा मृत्युदर 40 टक्क्यांहून जास्त उतरलाय, पण त्यात मॅमोग्राफीचा वाटा किती आणि औषधांचा किती? 2005 साली सात वेगवेगळी गणिती मॉडेल चालवून 2000 पर्यंतच्या घटीतला स्क्रीनिंगचा वाटा काढला तर उत्तर 28 ते 65 टक्के असं आलं. एवढी मोठी रेंज!

या भांडणाचं मूळ साधं आहे: कॅन्सर सापडला कसा, याचा कॉलमच सीअरमध्ये नाही. स्क्रीनिंगमध्ये दिसला की गाठ लागली म्हणून बाई गेली, काही कळत नाही. 2012 चा तो गाजलेला पेपर बघा, न्यू इंग्लंड जर्नलमधला, त्यांनी सीअरवरच दाखवलं की तीन दशकांत 40 च्या वरच्या बायकांमध्ये लवकरच्या स्टेजचे कॅन्सर लाखामागे 112 वरून 234 वर गेले पण उशिराचे 102 वरून फक्त 94 वर आले, म्हणजे 122 जास्तीचे पकडले आणि पुढचे कमी झाले आठच. मला हा हिशोब पटतो, पण स्क्रीनिंग नसतं तर मूळचा रेट किती वाढला असता हे त्यांना गृहीत धरावं लागलं, आणि विरोधकांनी बरोबर तिथेच पकडलं.

मग करायचं काय? 65 च्या वरच्या बायका चालणार असतील तर सीअर-मेडिकेअर घ्या, त्यात मेडिकेअरची (अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) बिलं जोडलेली असतात त्यामुळे मॅमोग्राम झाला का ते दिसतं. पण पैसे लागतात, मंजुरीला वेळ जातो, खासगी मेडिकेअर प्लॅनवाल्यांची बिलं हवी तशी मिळत नाहीत, आणि बिलावर स्क्रीनिंग लिहिलंय म्हणून ते खरंच स्क्रीनिंग होतं असंही नाही. शिवाय 40 ते 50 वयात स्क्रीनिंग करावं का, हा सगळा वाद यातून बाहेरच राहतो. त्यापेक्षा ब्रेस्ट कॅन्सर सर्व्हेलन्स कन्सॉर्टियम बघा, तिथे मॅमोग्राफीच्या नोंदी थेट कॅन्सर रजिस्ट्रीला जोडल्यात, व्याप कमी पण प्रश्नाला सरळ भिडणारा.

बारीकसारीक तक्रारी. हर-2 ची (गाठीतलं एक प्रथिन, ज्यावरून उपचार ठरतात) नोंद 2010 पासूनच. स्टेजची पद्धत मध्ये मध्ये बदलते, 2018 ला तर परत नवी, लांबचा ट्रेंड काढताना शिवणकाम करावं लागतं. केमोच्या रकान्यात "नाही" आणि "माहीत नाही" एकत्रच, त्यामुळे केमो घेतलेल्या-न घेतलेल्यांची तुलना करणारा पेपर दिसला की मी आधी हेच बघते. कॅन्सर परत उलटला का, याचा काही पत्ता नाही.

2020 चा खड्डा दिसला तर खूश होऊ नका, तेव्हा कोविडमुळे तपासण्याच बंद होत्या, ट्रेंड काढताना इन्स्टिट्यूट स्वतःही ते वर्ष बाजूला ठेवते. आणि डेटा दरवर्षी नव्याने येतो, उशिरा कळलेल्या केसेस जुन्या वर्षांत घुसतात म्हणून मागचे आकडेही हलतात, तेव्हा कोणत्या नोव्हेंबरचं सबमिशन वापरलं ते पेपरात लिहा आणि सेशनची फाइल जपून ठेवा, नाहीतर वर्षभराने तुमचेच आकडे तुम्हाला जुळणार नाहीत.